बेथ्यून स्कूल: सरकारी शाळेला वसतिगृह मिळाले तेव्हा

कलकत्त्याचे बेथ्यून स्कूल ७ मे १८४९ रोजी सुरू झाले. या शाळेची पहिली विद्यार्थिनी एंट्रन्स परीक्षेला, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकला बसली ती १८७८ साली. मधे २९ वर्षे गेली. या २९ वर्षांत शाळेला कशाची वाण नव्हती. शहराच्या मध्यावर स्वतःची इमारत होती, १८५६ पासून सरकारी तिजोरीचा आधार होता, गव्हर्नर जनरलपासून लेफ्टनंट गव्हर्नरपर्यंत सगळ्यांचे लक्ष होते, आणि चिटणीस म्हणून प्रत्यक्ष ईश्वरचंद्र विद्यासागर बसले होते. तरीही ती प्राथमिकच्या पुढे सरकली नाही. मग ऑगस्ट १८७८ मध्ये एक छोटी खासगी निवासी शाळा तिच्यात विलीन झाली. त्याच वर्षी एक मुलगी एंट्रन्स पास झाली, पुढच्या वर्षी कॉलेजचा वर्ग निघाला आणि १८८३ मध्ये दोन मुली बी.ए. झाल्या.

हे प्रकरण त्या विलीनीकरणाचे आहे. बेथ्यूनची गोष्ट सहसा एका उदार इंग्रजाची किंवा विद्यासागरांची म्हणून सांगितली जाते. तशी सांगायला हरकत नाही, पण त्या सांगण्यात वसतिगृह तळटीपेत जाते. मला ते मधोमध हवे आहे.

गाडीची शाळा

जॉन इलियट ड्रिंकवॉटर बेथ्यून हे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचे कायदा सदस्य होते आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्षही. कलकत्त्याजवळच्या बारासात गावात प्यारीचरण सरकार आणि मित्र बंधूंनी १८४७ मध्ये मुलींची शाळा काढली होती. ती पाहून बेथ्यून यांनी राजधानीत तशी शाळा काढायचे मनावर घेतले. दक्षिणारंजन मुखर्जी यांनी आपले घर दिले, पुढे जमीनही दिली. पहिल्या दिवशी २१ मुली आल्या.

संस्कृत कॉलेजातले पंडित मदनमोहन तर्कालंकार यांनी आपल्या दोन मुली, भुवनमाला आणि कुंदमाला, या शाळेत घातल्या. स्वतः बिनपगारी शिकवले आणि मुलींसाठी 'शिशुशिक्षा' हे बालबोध पुस्तकही लिहिले. त्याबद्दल गावाकडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. शहरातही गवगवा झाला. एका लोकप्रिय कवीने तर, पूर्वी मुली व्रतवैकल्ये करत, एकट्या बेथ्यूनने येऊन सगळे संपवले, आता या बग्गी हाकत मैदानावर हवा खायला जातील, अशी कविताच रचली. मुलींची संख्या २१ वरून ७ पर्यंत घसरली. मग हळूहळू सावरली. १८५१ मध्ये देवेंद्रनाथ ठाकुरांनी आपली मुलगी सौदामिनी हिला शाळेत पाठवले, तेव्हा काही घरांना धीर आला.

मुलींना आणायला शाळेची गाडी जाई. गाडीच्या अंगावर महानिर्वाणतंत्रातले वचन रंगवलेले होते: 'कन्याप्येवं पालनीया शिक्षणीयातियत्नतः'. मुलीचेही असेच पालन करावे आणि तिला अतिशय यत्नाने शिकवावे. संस्कृत वचन गाडीवर लिहून गल्लीबोळांतून फिरवणे ही चांगलीच धूर्त चाल होती. विरोध करणाऱ्याला आधी शास्त्राशी भांडावे लागे.

पण या गाडीचा अर्थ एवढाच नव्हता. घरातली मुलगी रस्त्यावर कोणाच्या नजरेस पडू नये, ही घराची अट होती आणि ती शाळेने निमूट मान्य केली होती. सकाळी दारातून उचलायचे, संध्याकाळी दारात सोडायचे. शिकवणे, पुस्तके, ने-आण, सगळे फुकट. धर्माचा उपदेश नाही. शिक्षण बंगालीतून, इंग्रजी फक्त पालकांनी मागितले तर. म्हणजे घराला खटकेल अशी प्रत्येक गोष्ट आधीच वगळलेली. १८४९ साली याहून वेगळे काही चालले असते असे मला वाटत नाही. मात्र यातली एक गोष्ट शाळेच्या हाती राहिली नाही, ती म्हणजे गाडी त्या दारात थांबायची कधी बंद होणार. ते घरच ठरवी.

बेथ्यून १२ ऑगस्ट १८५१ रोजी वारले. हेदुआ तलावाजवळच्या इमारतीची कोनशिला १८५० मध्ये बसली होती. पुढे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी शाळेचा खर्च स्वतःच्या खिशातून चालवला. दरम्यान १८५४ च्या वुडच्या खलित्याने स्त्रीशिक्षणाला सरकारने मोकळा पाठिंबा द्यावा असे म्हटले. १८५६ मध्ये डलहौसी मायदेशी निघाले आणि शाळा सरकारने ताब्यात घेतली. सर सेसिल बीडन समितीचे अध्यक्ष झाले, विद्यासागर चिटणीस.

खालच्या वर्गातली वर्षे

समितीने काढलेल्या जाहिरातीत शाळा कोणासाठी ते स्वच्छ लिहिले होते: प्रतिष्ठित हिंदू कुटुंबांतल्या मुलींसाठी. लिहिणे, वाचणे, हिशेब, शिवण, थोडा इतिहास-भूगोल. आपल्याकडे १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि लवकरच महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही वर्ग उघडले. कलकत्त्याची सरकारी शाळा याच्या उलट टोकाला उभी होती. तिने वरच्या घरांची मर्जी राखली आणि त्या मर्जीची किंमत पुढची वीस-बावीस वर्षे चुकवली.

कारण या घरांत मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. लग्न झाले की पडदा. त्यामुळे वर्ग खालून भरत आणि वरून रिकामे होत. मुलगी अक्षरे जोडायला शिकते, बेरीज-वजाबाकीपर्यंत येते आणि शाळा सोडते, तिच्या जागी नवी सहा वर्षांची येते. अशा शाळेत वरचा वर्ग उघडायचा तरी कोणासाठी?

१८६६ मध्ये समाजसुधारक मेरी कार्पेंटर इंग्लंडहून आल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते: शिक्षिका नाहीत म्हणून मुलींच्या शाळा वाढत नाहीत, तेव्हा शिक्षिका घडवणारी नॉर्मल स्कूल काढा. सरकारला ते पटले. लेफ्टनंट गव्हर्नर सर विल्यम ग्रे यांनी विद्यासागरांचे मत मागवले आणि विद्यासागरांनी १ ऑक्टोबर १८६७ च्या पत्रात नकार कळवला. त्यांचा मुद्दा असा: प्रतिष्ठित हिंदू घरातले लोक दहा-अकरा वर्षांच्या लग्न झालेल्या मुलींनाही घराबाहेर पडू देत नाहीत, ते मोठ्या बायकांना शिक्षिका म्हणून बाहेर कसे पाठवतील? राहिल्या अनाथ आणि निराधार विधवा. त्यांना शिक्षिका केले तर समाजाचा विश्वास बसणार नाही. त्याच पत्रात त्यांनी हेही मान्य केले की बेथ्यून स्कूलवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने फळ मिळालेले नाही, पण म्हणून शाळा बंद करू नये.

हे पत्र या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. विधवाविवाहाच्या कायद्यासाठी जिवाचे रान करणारा माणूस इथे सुधारणेच्या विरुद्ध उभा दिसतो, म्हणून काहींना ते अडचणीचे वाटते. मला त्यात अडचण दिसत नाही. विद्यासागरांनी निदान अचूक केले होते. दहा-अकरा वर्षांनंतर मुलगी घराबाहेर पडत नाही, हेच शाळेचे दुखणे होते. फक्त त्यांनी ते दुखणे समाजाचे मानले आणि समाज बदलेपर्यंत थांबायला सांगितले. शाळेचीच घडण वेगळी करता येईल, ही शक्यता त्या पत्रात कुठेच नाही.

सरकारने सल्ला बाजूला ठेवून बेथ्यूनच्या आवारात नॉर्मल स्कूल काढलेच. विद्यासागरांनी १८६९ मध्ये चिटणीसपद सोडले. नॉर्मल स्कूलला पुरेशा बायका मिळाल्या नाहीत आणि १८७२ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कॅम्बेल यांनी ते बंद केले. अंदाज विद्यासागरांचाच खरा ठरला.

बालीगंजची शाळा

आता दुसरी शाळा. ब्राह्मो समाज या बंगालातल्या सुधारक पंथाचे पुढारी केशवचंद्र सेन १८७० मध्ये इंग्लंडला गेले आणि तिथल्या बायकांनी हिंदुस्थानात येऊन शिकवावे असे भाषणांतून आवाहन केले. ते ऐकणाऱ्यांत अ‍ॅनेट अ‍ॅक्रॉइड होत्या. १८७२ च्या अखेरीस त्या कलकत्त्यात उतरल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे केशवचंद्रांशी बिनसले. केशवचंद्रांना मुलींनी शिकावे असे वाटे, पण भूमिती, तर्कशास्त्र असले विषय त्यांना कशाला हवेत असा त्यांचा प्रश्न होता. अ‍ॅक्रॉइड बाईंना आणि ब्राह्मो समाजातल्या तरुण गटाला तो अपमान वाटला.

या गटात दुर्गामोहन दास, आनंदमोहन बोस, शिवनाथ शास्त्री आणि द्वारकानाथ गांगुली होते. द्वारकानाथ 'अबलाबांधव' नावाचे पत्र चालवत. १८ नोव्हेंबर १८७३ रोजी या मंडळींनी बेनियापुकुरात हिंदू महिला विद्यालय उघडले. शाळा निवासी होती. १८७५ मध्ये अ‍ॅक्रॉइड यांनी हेन्री बेव्हरिज या सनदी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि कलकत्ता सोडले. (ब्रिटनच्या समाजकल्याण व्यवस्थेचा पाया ज्यांच्या १९४२ च्या अहवालाने घातला, ते विल्यम बेव्हरिज त्यांचे चिरंजीव. बाईंचे नाव आज निघते ते बहुधा यामुळे, हे काही न्यायाचे नाही.) शाळा बंद पडली आणि १८७६ मध्ये बालीगंजात 'बंग महिला विद्यालय' या नावाने पुन्हा उभी राहिली.

या शाळेत द्वारकानाथ शिकवण्यापासून व्यवस्थेपर्यंत सगळे पाहत. मुलींसाठी गणित, भूगोल, आरोग्य या विषयांची पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली. अभ्यासक्रम मुलग्यांच्या शाळेसारखाच होता. मुली कोण होत्या ते पाहिले की वसतिगृहाची गरज कळते. दुर्गामोहन दास मूळ पूर्व बंगालातले, बरीच वर्षे बारिसालला वकिली केलेले. त्यांच्या मुली सरला आणि अबला इथे होत्या. कादंबिनी बसूचे वडील बिहारातल्या भागलपूरला मुख्याध्यापक. आनंदमोहनांच्या पत्नी स्वर्णप्रभा इथे शिकल्या, म्हणजे विवाहित विद्यार्थिनीलाही इथे जागा होती. भागलपूरच्या मुलीला कलकत्त्याची गाडी काय कामाची? तिला रात्रीचे अंथरूण, सकाळचे जेवण आणि आजारी पडल्यावर पाहणारे माणूस हवे.

आणखी एक गोष्ट. बेथ्यूनमध्ये मुलगी संध्याकाळी घरी गेली की तिचा दिवस घराचा होई. भावंडे सांभाळा, स्वयंपाकात हात लावा, पाहुणे आले की पुस्तक मिटा. निवासी शाळेत संध्याकाळही अभ्यासाची होती. एंट्रन्सची तयारी चार-पाच तासांच्या शाळेत होत नाही, हे आज क्लासच्या जमान्यात कोणाला समजावायला नको.

१८७७ मध्ये या शाळेने विद्यापीठाचे दार ठोठावले. आमच्या दोन मुली एंट्रन्सला तयार आहेत, त्यांना बसू द्या. विद्यापीठाने आधी त्यांची चाचणी घेतली. कादंबिनी आणि सरला दोघी उतरल्या. एप्रिल १८७८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने मुलींना परीक्षांना बसू देण्याचा ठराव केला. लंडन विद्यापीठानेही त्याच वर्षी मुलींना पदव्या खुल्या केल्या. कलकत्ता मागे नव्हते.

दरम्यान सरलाचे लग्न झाले आणि ती परीक्षेला बसली नाही. इतके पुढारलेले घर, वडील शाळेचेच एक आधारस्तंभ, तरी लग्नापुढे परीक्षा मागे पडली. घर आणि शाळा यांतल्या ताकदीचे प्रमाण यावरून समजावे. पुढे याच सरला राय यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. गोखले मेमोरियल आजही चालू आहे आणि पुण्याच्या फार थोड्या लोकांना ती माहीत आहे.

ऑगस्ट १८७८

बालीगंजच्या शाळेकडे मुली होत्या, शिक्षक होते, अभ्यासक्रम होता. पैसा नव्हता. सगळा भार मोजक्या सुधारकांच्या खिशावर, आणि त्यांच्यापुढे त्या वर्षी दुसरेच वादळ उभे होते. मार्चमध्ये केशवचंद्रांनी आपली अल्पवयीन मुलगी कुचबिहारच्या महाराजाला दिली आणि ब्राह्मो समाज फुटला. मेमध्ये साधारण ब्राह्मो समाज वेगळा झाला. शाळा चालवणारे आणि नवा समाज उभारणारे हात तेच होते.

बेथ्यूनकडे इमारत होती, सरकारी पैसा होता, वरच्या वर्गात बसायला मुली नव्हत्या. समितीचे एक अध्यक्ष न्यायमूर्ती फियर यांनी दोन्ही शाळा एकत्र आणायचा विचार आधीच मांडला होता. बॅरिस्टर मनोमोहन घोष बेथ्यूनच्या समितीचे चिटणीस होते, अ‍ॅक्रॉइड बाईंचे स्नेही होते आणि कादंबिनीचे नातेवाईकही. दोन्हीकडे पाय असलेला असा माणूस नसता तर हे जमले असते का, शंका आहे. ऑगस्टमध्ये विलीनीकरण झाले. बंग महिला विद्यालयाचे नाव संपले, तिच्या मुली आणि निवासाची पद्धत बेथ्यूनमध्ये आली.

वर्षाअखेर कादंबिनी एंट्रन्सला बसली आणि दुसऱ्या वर्गात पास झाली; पहिला वर्ग एका गुणाने हुकला. ही मुलगी बेथ्यूनने चार महिन्यांत घडवली असे कोणी म्हणणार नाही. तिला बालीगंजने घडवले, बेथ्यूनने तिला पुढे जायला रस्ता दिला. कारण खरा प्रश्न एंट्रन्सनंतर आला: पुढे कुठे? मुलींसाठी कॉलेज नव्हते. खासगी शाळा इथे हात टेकती. सरकारी शाळेने १८७९ मध्ये एका विद्यार्थिनीसाठी एफ.ए.चा, म्हणजे बी.ए.च्या आधीच्या परीक्षेचा, वर्ग काढला. एका मुलीसाठी वर्ग! सरकारी खात्याच्या हिशेबात ही उधळपट्टीच. पण १८४९ पासूनच्या एकूण खर्चात एवढा सत्कारणी लागलेला पैसा दुसरा सापडायचा नाही.

त्याच सुमारास चंद्रमुखी बसूचे प्रकरण पुढे आले. ती डेहराडूनच्या मिशनच्या निवासी शाळेत शिकलेली. १८७६ मध्येच तिला परीक्षेचे पेपर द्यायला मिळाले होते, पण मुलीचे नाव उत्तीर्णांच्या यादीत घालायला विद्यापीठाचा नियम नव्हता. ती ख्रिस्ती होती आणि बेथ्यूनचे दार फक्त हिंदूंना उघडे, म्हणून एफ.ए. तिने फ्री चर्चच्या संस्थेतून केले. बी.ए.साठी तिच्यापुढे दुसरी जागा नव्हती. शेवटी कॉलेजच्या वर्गापुरता नियम सोडावा लागला. १८५६ च्या जाहिरातीतली अट कोणी तत्त्व म्हणून मोडली नाही. शिकायला आलेली मुलगी परत कशी पाठवायची, या पेचातून ती मोडली.

१८८३ मध्ये कादंबिनी आणि चंद्रमुखी दोघी बी.ए. झाल्या, हिंदुस्थानातल्या पहिल्या स्त्री पदवीधर. एक बालीगंजच्या वसतिगृहातून आलेली, दुसरी डेहराडूनच्या. दिवसाच्या शाळेतून आलेली एकही नाही. कादंबिनी मेडिकल कॉलेजात गेली आणि डॉक्टर झाली. चंद्रमुखी १८८४ मध्ये एम.ए. झाली, तेव्हा विद्यासागरांनी तिला शेक्सपिअरचा संच भेट पाठवला. १८६७ चे पत्र लिहिणाऱ्या माणसाने! त्यांना आपले पत्र आठवले असेल का, कोण जाणे. १८८८ मध्ये कॉलेज शाळेपासून वेगळे झाले आणि चंद्रमुखी त्याची प्राचार्य झाली. एकेकाळी हिंदूंशिवाय कोणाला न घेणाऱ्या संस्थेची प्रमुख एक ख्रिस्ती बाई.

श्रेय कोणाला द्यायचे

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा फरक वसतिगृहाने पडला की लग्नाच्या वयाने? ब्राह्मोंच्या आग्रहाने १८७२ चा तिसरा कायदा झाला होता आणि त्याखाली लग्न करायचे तर मुलीचे वय किमान १४ हवे होते. म्हणजे या एका छोट्या समाजात मुलींना दहा ते चौदा ही चार वर्षे, आणि पुष्कळदा त्याहून जास्त, मोकळी मिळाली. माध्यमिक शाळा नेमकी याच वर्षांत बसते. ही वर्षे नसती तर वसतिगृहात ठेवायला मुलीच नसत्या.

हे मला मान्य आहे. पण कलकत्त्यात राहणारी ब्राह्मो घरे १८७२ च्या आधीपासून होती, बेथ्यूनची गाडी त्यांच्याही दारात जात होती, आणि तरी वरचा वर्ग भरला नाही. शहरातल्या थोड्या घरांतल्या थोड्या मुली मिळून वर्ग होत नाही. बारिसाल, ढाका, भागलपूर अशा गावोगावी विखुरलेल्या, मुलीला शिकवायची तयारी असलेल्या घरांतून एकेक मुलगी एका जागी आणली तेव्हा वर्ग झाला. ते काम गाडीच्या आवाक्यातले नव्हते. लग्नाच्या वयाने मुलींना वर्षे दिली आणि वसतिगृहाने ती वर्षे एका छपराखाली आणली, असे मी म्हणेन. विद्यापीठाचा ठराव नसता तर या दोन्हींवर पाणी पडले असते, हेही खरे.

सरकारचे श्रेय कमी करू नये. खासगी निवासी शाळा पाच वर्षांत दोनदा डबघाईला आली होती. तिसऱ्या वेळी ती वाचलीच नसती. सरकारने नवे काही शोधले नाही, पण दुसऱ्याने शोधलेले आपल्या अंदाजपत्रकात घातले. सरकारी शिक्षणाच्या इतिहासात चांगल्या गोष्टी बहुधा अशाच घडलेल्या दिसतात.

वसतिगृहाने काय केले नाही, तेही सांगायला हवे. मुसलमान मुलींना ही शाळा फार काळ बंद होती. १९११ मध्ये बेगम रुकैया यांनी त्याच कलकत्त्यात सखावत मेमोरियल शाळा आठ मुलींवर सुरू केली, तेव्हा त्यांना सगळे पुन्हा ने-आणीपासून सुरू करावे लागले. त्यांच्या शाळेची मोटारबस पडद्यासाठी इतकी बंदिस्त केली होती की मुली आत गुदमरल्या, काहींना भोवळ आली. मग खिडक्यांना पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात आणि बेपर्दगी होते अशी पालकांची पत्रे आली. रुकैयांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे, आणि वाचताना हसावे की रडावे कळत नाही. दलित, कष्टकरी घरांतल्या मुलींसाठी तर बेथ्यूनने कधी गाडीही काढली नव्हती.

सरकारलाही आपल्या वसतिगृहाचा एक परिणाम अपेक्षित नव्हता. गावोगावच्या हुशार मुली एका ठिकाणी राहू लागल्या की त्या फक्त अभ्यास करत नाहीत. १९२८ मध्ये सायमन कमिशनवरच्या बहिष्कारात बेथ्यून कॉलेजच्या मुली उतरल्या आणि युरोपियन प्राचार्य बाईंशी त्यांचा खटका उडाला. कलकत्त्याच्या 'छात्री संघा'त, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेत, याच मुली होत्या. चितगावहून आलेल्या कल्पना दत्त आणि प्रीतिलता वड्डेदार इथल्याच. प्रीतिलताने सप्टेंबर १९३२ मध्ये चितगावच्या पहाडतळीतल्या युरोपियन क्लबवरच्या हल्ल्याचे नेतृत्व केले आणि पकडले जाण्याआधी सायनाइड घेतले. तिची पदवी सरकारने अडवून ठेवली होती. कलकत्ता विद्यापीठाने ती २०१२ मध्ये दिली. पोसलेल्या संस्थेनेच सरकारविरुद्ध माणसे तयार केली.

आपल्याकडे पुण्याच्या फीमेल हायस्कूलने, म्हणजे हुजूरपागेने, हा धडा फार लवकर घेतला. १८८४ मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेने पुढे बाहेरगावच्या मुलींना ठेवून घेतले. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती करमारकर, पुढच्या इरावती कर्वे, सातव्या वर्षी तिथे राहायला आल्या आणि तिथेच त्यांची शकुंतला परांजप्यांशी मैत्री झाली. तिथून त्या रँग्लर परांजप्यांच्या घरी राहायला गेल्या. हुजूरपागा मात्र संस्थेची शाळा, सरकारी नव्हे.

सरकारने मुलींच्या निवासी शाळांची मोठी देशव्यापी योजना हाती घेतली ती २००४ मध्ये, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांच्या रूपाने. मागास तालुक्यांतल्या दलित, आदिवासी, मागासवर्गीय आणि अल्पसंख्य मुलींसाठी किमान तीन चतुर्थांश जागा राखून, म्हणजे बेथ्यूनने ज्यांना बाहेर ठेवले त्यांना आधी आत घेऊन ही योजना आखली गेली. पण ती सहावी ते आठवीपुरतीच होती. चौदाव्या वर्षी मुलगी घरी परत, आणि पुढची शाळा पुष्कळदा लांब. आठवीनंतर मुलींचे काय होते हे या शाळा चालवणाऱ्यांना पहिल्या काही वर्षांतच दिसत होते, तरी बारावीपर्यंत वाढ करायची तरतूद २०१८ च्या समग्र शिक्षा अभियानात आली. त्यात एक प्रकार असा आहे की सरकार फक्त नववी ते बारावीच्या मुलींचे वसतिगृह चालवते आणि मुली जवळच्या नेहमीच्या शाळेत जातात. राहण्याची सोय ही शिकवण्यापासून वेगळी, स्वतंत्र खर्चाची बाब म्हणून या प्रकारात सरकारी कागदावर दिसते.